‘दोनच घेतलेत, चालवतो की’: दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पीत नाही. त्यात तत्त्वबित्त्व काही नाही, पोटाला झेपत नाही एवढंच. त्यामुळे गेली कित्येक वर्षं प्रत्येक पार्टीनंतर चार जणांना घरी सोडायचं काम माझ्याकडे असतं, आणि मागच्या सीटवरून येणारे प्रश्नही ठरलेलेच असतात. तेच इथे लिहून काढलेत, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा होईन.

दोन पेगने काय होतंय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि खरं तर हा प्रश्न नसतोच, परवानगी मागणं असतं.

तरी उत्तर देतो. पहिली गोष्ट, पेग हे माप नाहीये. जागतिक आरोग्य संघटना एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरते, ब्रिटनमध्ये एक युनिट 8 ग्रॅमचं, अमेरिकेत एक ड्रिंक 14 ग्रॅमचं, जपानमध्ये तर जवळपास 20. म्हणजे कागदावरच ‘दोन’चा अर्थ दुप्पट-अडीचपट बदलतो, आणि घरी मित्र ओततो तेव्हा तर देवालाच ठाऊक. दुसरी गोष्ट, तेवढीच दारू दोन माणसांच्या रक्तात वेगवेगळं प्रमाण दाखवते. वजन किती, शरीरात पाणी किती (बायकांच्या शरीरात हे प्रमाण साधारणपणे कमी असतं म्हणून तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं), पोट रिकामं होतं का, किती वेळात संपवली, यावर सगळं अवलंबून.

आणि तिसरी गोष्ट, जी कोणाला ऐकायची नसते: परिणाम ‘चढल्यावर’ सुरू होत नाही. जीभ अडखळायच्या, पाय लटपटायच्या खूप आधी एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष द्यायची क्षमता कमी होते. गाडी चालवणं म्हणजे तेच तर आहे ना, आरसा बघ, समोरचा ब्रेक मारतोय ते बघ, डावीकडून कोण घुसतंय ते बघ. सरळ रिकाम्या रस्त्यावर दोन पेगवाला मस्त चालवतो. कुत्रं मध्ये येतं तेव्हा कळतं.

पण मला माहितीये ना माझी लिमिट, मला चढली की कळतं.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची गोम इथेच आहे.

‘मी ठीक आहे का?’ हे ठरवायचं काम मेंदूचं, आणि दारू पहिल्यांदा हात घालते ती मेंदूलाच. म्हणजे तराजू बिघडलाय आणि तराजूलाच विचारतोय की बाबा तू बरोबर आहेस का. तो हो म्हणणारच.

ह्यात अजून एक गंमत आहे (गंमत कसली म्हणा). 1919 साली मेलनबी नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की रक्तातलं अल्कोहोल चढत असताना माणूस जितका झिंगलेला दिसतो, तेवढंच प्रमाण उतरतीला असताना तो कमी झिंगलेला दिसतो. नंतरच्या लोकांनी हे गाडी चालवण्याच्या बाबतीत तपासलं तर असं निघालं की उतरतीला माणसाला स्वतःला बरं वाटायला लागतं, ‘आता चालवू शकतो’ असं तो सांगायला लागतो, पण गाडी चालवायला लागणारं कौशल्य काही त्या वेगाने परत आलेलं नसतं. आपण म्हणतो ना ‘उतरलीये आता’, तेव्हा बऱ्याचदा उतरलेली असते ती फक्त जाणीव. किल्ली हातात घ्यायची वेळ नेमकी तीच असते, पार्टी संपल्यावरची.

शिवाय ज्यांना सवय असते ते म्हणतात मला काही होत नाही. सवयीने वागणं सावरता येतं, बोलणं सावरता येतं, पण पोलिसांच्या फुंकायच्या मशीनवरचा आकडा सवयीने कमी येत नाही आणि अचानक काही समोर आलं की ब्रेक मारायला लागणारा वेळही सवयीने कमी होत नाही.

आकडे सांगा ना, किती प्यायल्यावर किती धोका?

रक्तात किती आहे यावर बोलू, पेगवर नको. 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅमच्या आसपास धोका स्पष्ट वाढलेला असतो, 80 ला अजून जास्त, आणि 150 ला न प्यायलेल्या माणसाच्या तुलनेत अपघाताची शक्यता साधारण बारा पट. रेघ सरळ चढत नाही, आधी हळू आणि मग उभीच्या उभी वर जाते.

हे पहिल्यांदा नीट मोजलं ते रॉबर्ट बोर्केनस्टाईनने, हा माणूस अमेरिकेत इंडियानाच्या पोलिसात होता आणि फुंकायचं मशीन, ज्याला ब्रेथलायझर म्हणतात, ते 1954 मध्ये ह्यानेच बनवलं. पुढे त्याने ग्रँड रॅपिड्स शहरात अपघात झालेले ड्रायव्हर आणि त्याच ठिकाणी अपघात न झालेले ड्रायव्हर अशी तुलना केली, 1964 ला ते प्रसिद्ध झालं. त्या आकड्यांत अगदी थोडी घेतलेल्यांचा धोका शून्यवाल्यांपेक्षा किंचित कमी दिसत होता! मग काय, ‘थोडी घेतली की उलट चांगली चालवतो’ म्हणणाऱ्यांना पुरावाच मिळाला. नंतर लक्षात आलं की दोन्ही गटांत वय, गाडी चालवायचा अनुभव अशा गोष्टींचा फरक होता, तो हिशोबात घेतल्यावर तो ‘किंचित कमी’ धोका गायब. पण वाक्य अजून जिवंत आहे, मागच्या सीटवर महिन्यातून एकदा तरी ऐकतो.

कायद्याची लिमिट आहे म्हणजे तेवढी पिऊन चालवणं सेफ आहे ना?

नाही. लिमिट म्हणजे शिक्षा कुठून सुरू होते ती रेघ. सेफ कुठपर्यंत आहे त्याची रेघ ती नव्हे.

बघा ना, 100 मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम चालतं, तर इंग्लंडमध्ये 80, शेजारच्या स्कॉटलंडमध्ये 2014 पासून 50, भारतात आणि जपानमध्ये 30, स्वीडन नॉर्वेत 20, चेक प्रजासत्ताक आणि हंगेरीत शून्य. अमेरिकेत बहुतेक राज्यांत 80 आणि युटामध्ये 50. माणसाचा मेंदू बॉर्डर ओलांडली की बदलत नाही, फक्त तिथल्या लोकांनी किती चालवून घ्यायचं ठरवलंय ते बदलतं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की सगळ्यांसाठी 50 च्या वर नको आणि नव्या, तरुण ड्रायव्हरसाठी 20 च्या वर नको.

कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ, उलटी?

काहीही नाही. यकृत आपल्या चालीने काम करतं, 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅम, आणि त्याला घाई करायला लावणारा उपाय नाहीये. कॉफी प्यायल्यावर झोप उडते, नशा नाही, म्हणजे आधी झोपाळू झिंगलेला माणूस होता आता जागा झिंगलेला माणूस आहे, जो जास्त आत्मविश्वासाने किल्ली मागतो. खाऊन पिण्याने चढायला वेळ लागतो हे खरं, पण नंतर खाऊन काही होत नाही.

रात्री प्यायलो, झोपलो, सकाळी तर चालवू शकतो?

हिशोब करून बघा. रात्री एक वाजता रक्तात 150 आहे. सकाळी सात वाजता सहा तास झाले, सहा पंधरे नव्वद, उरले 60. म्हणजे अंघोळ झालीये, चहा झालाय, इस्त्रीचे कपडे घातलेत आणि जगातल्या बऱ्याच देशांच्या लिमिटच्या वर आहात. वर झोप अर्धवट. 1997 मध्ये डॉसन आणि रीड यांनी दाखवलं होतं की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात 50 मिलिग्रॅम असलेल्या माणसाइतकं ढासळतं. दोन्ही एकत्र आले की काय होत असेल.

सकाळचा हा प्रकार लोकांना दारू पिऊन गाडी चालवणं वाटतच नाही. कारण त्यांच्या डोक्यात ‘दारू पिऊन चालवणारा’ म्हणजे रात्रीचा, झुलणारा, ओरडणारा कोणीतरी.

सगळ्यांना माहितीये की चूक आहे, मग लोक करतात कशाला?

हा खरा प्रश्न. कोणालाही विचारा, दारू पिऊन गाडी चालवणं बरोबर आहे का, नव्वद टक्क्यांहून जास्त लोक म्हणतील अजिबात नाही, भयंकर आहे, जेलमध्ये टाका. अमेरिकेतल्या सर्वेक्षणांत वर्षानुवर्षं हेच उत्तर येतं, आणि त्याच लोकांतले काही जण पुढच्या पानावर कबूल करतात की गेल्या महिन्यात मीही चालवली असेल. खोटं बोलत नसतात ते. त्यांनी केलं ते त्यांच्या हिशोबात ‘दारू पिऊन गाडी चालवणं’ नसतंच, ते ‘जरा घेतली होती आणि जवळच तर जायचं होतं’ असतं.

एक तर आपण सगळेच स्वतःला भारी ड्रायव्हर समजतो. 1981 मध्ये ओला स्वेनसन नावाच्या स्वीडिश संशोधकाने लोकांना विचारलं की बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कसे चालवता, तर अमेरिकेतल्या गटात 93 टक्के आणि स्वीडनच्या गटात 69 टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात टाकलं. वरच्या अर्ध्यात अर्धेच मावतात हो.

दुसरं म्हणजे अनुभव. शंभर वेळा प्यायलो, शंभर वेळा घरी पोचलो, काही झालं नाही. प्रत्येक वेळी सुखरूप पोचलं की धडा मिळतो तो उलटाच, की बघ काही होत नाही. इतर चुकांत चटका लगेच बसतो, हिच्यात चटका बसत नाही नाही आणि एकदम बसतो, आणि बऱ्याचदा बसतो तो भलत्यालाच, फुटपाथवरच्याला.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात मोठं वाटतं, ते म्हणजे सगळ्या सोयी उलट्या लावलेल्या असतात. गाडी दारात आहे. सकाळी तीच गाडी कामाला हवी आहे. दुसरी सोय महाग किंवा नाहीच. आणि निर्णय कधी घ्यायचा, तर रात्री एक वाजता, चार ग्लासनंतर, बाकीचे निघाले असताना. ह्या वेळी कोण शहाणपणाने वागणारे. म्हणून माझं म्हणणं असं की गाडी चालवायचा निर्णय पार्टी संपताना होतच नाही, तो होतो संध्याकाळी घरातून निघताना किल्ली खिशात टाकली तेव्हा, पुढे फक्त तो अमलात येतो. ज्याला प्यायचंय त्याने गाडी घरी ठेवावी, किंवा ज्याने गाडी आणलीये त्याने पिऊ नये, आणि हे पहिल्या घोटाच्या आधी ठरावं कारण तेव्हाच फक्त तराजू धड असतो.

सगळेच करतात, मी एकट्याने सोडून काय होणार?

सगळे करत नाहीत, आपल्याला तसं वाटतं. अमेरिकेत मोंटाना राज्यात 2000 नंतरच्या काही वर्षांत तरुणांना विचारलं होतं. गेल्या महिन्यात दोन किंवा जास्त ड्रिंक घेऊन तासाभरात गाडी चालवली असं सांगणारे होते पाचातले एक. आणि आपल्या वयाचे बहुतेक लोक असं करतात असं वाटणारे होते दहातले नऊ! मग तिथल्या लोकांनी रक्ताळलेले फोटो वगैरे न लावता साधी जाहिरात केली की बाबांनो, पाचातले चार असं करत नाहीत.

मला हे पटतं. सारखं ‘समाजात हे प्रमाण भयंकर वाढलंय’ ओरडलं की ऐकणाऱ्याच्या मनात एवढंच राहतं की अच्छा, म्हणजे सगळेच करतात.

शिक्षा कडक केली की थांबेल सगळं, नाही का?

अपघाताची बातमी आली की खाली सगळ्यांची हीच कॉमेंट, फाशी द्या. पण जो माणूस पकडलाच जाणार नाही असं समजून निघालाय त्याला शिक्षा सहा महिने आहे की सहा वर्षं ह्याने काय फरक पडतो. फरक पडतो तो पकडलं जाण्याच्या भीतीने.

ब्रिटनचं बघा. ऑक्टोबर 1967 मध्ये तिथे 80 ची लिमिट आणि फुंकायचं मशीन एकदम आलं. आणणाऱ्या मंत्री बार्बरा कॅसल, ज्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, त्यावरून त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल ते असेल. पहिल्या वर्षात रस्त्यावरचे मृत्यू हजाराहून जास्तीने घटले. मग लोकांच्या लक्षात आलं की पोलीस आपल्याला वाटलं होतं तेवढे काही थांबवत नाहीत, आणि परिणाम हळूहळू विरला. स्कॉटलंडने 2014 मध्ये लिमिट 80 वरून 50 केली, पण 2018 च्या अभ्यासात अपघात कमी झाल्याचं दिसलं नाही. नुसता आकडा बदलून, रस्त्यावर तपासणी न वाढवता, काय होणार.

उलट ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने डिसेंबर 1982 पासून संशय असो नसो कोणालाही कुठेही थांबवून फुंकायला लावायला सुरुवात केली आणि ते मनापासून, मोठ्या प्रमाणावर केलं. मृत्यू घटले आणि घटलेले राहिले. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. लोकांना त्यामुळे नाही म्हणायला कारण मिळालं. आधी ‘नको, मला चालवायचंय’ म्हटलं की भित्रा, बायकोचं ऐकणारा, काय वाटेल ते. आता ‘अरे पोलीस उभे असतील यार’ म्हटलं की कोणी आग्रह करत नाही, चारचौघांत मान राहतो. नाकाबंदी नुसती पकडत नाही, ती ज्याला मनातून नकोच असते त्याला सोडवते.

सोबत बसलेल्याची काही जबाबदारी?

नैतिक विचारताय की कायद्याची? जपानमध्ये दोन्ही. ऑगस्ट 2006 मध्ये फुकुओकाच्या एका पुलावर प्यायलेल्या ड्रायव्हरने मागून धडक दिली, पुढची गाडी समुद्रात पडली आणि तीन लहान भावंडं गेली. देश हादरला, आणि 2007 मध्ये कायदा असा बदलला की चालवणारा तर आहेच, पण तो प्यायलाय हे माहीत असून त्याला घरी सोडायला सांगून गाडीत बसलेला, त्याला गाडी देणारा, आणि हा चालवणार हे माहीत असून त्याला दारू देणारा, सगळ्यांना शिक्षा. मला हे एकदम नेमकं वाटतं, कारण प्यायलेला माणूस एकटा क्वचितच असतो. त्याला किल्ली काढताना बघणारे पाच जण असतात आणि पाचही जण ‘सावकाश जा रे’ म्हणतात.

‘सावकाश जा’ म्हणजे काय, तर मला कळलंय की तू प्यायलायस पण मी काही करणार नाहीये.

आम्ही एक ड्रायव्हर ठरवतो, ते चालतं ना?

चालतं, तो खरंच पीत नसेल तर. बेल्जियममध्ये 1995 पासून अशा माणसाला ‘बॉब’ म्हणतात, जाहिरातींनी ते नाव इतकं रुळवलं की ‘आज बॉब कोण?’ एवढं विचारलं की झालं. पण व्यवहारात काय होतं, तर बऱ्याच ग्रुपमध्ये ड्रायव्हर म्हणजे ‘सगळ्यात कमी प्यायलेला’. फ्लोरिडात एका कॉलेजच्या गावात रात्री बारमधून बाहेर पडणाऱ्या अशा ठरवलेल्या ड्रायव्हरांना फुंकायला लावलं, 2013 मध्ये ते छापून आलं, तर साधारण तिघांतल्या एकाने घेतलेली होती.

आणि एक विनंती, जो पीत नाही त्याला दर वेळी गृहीत धरू नका. आम्हालाही कधी कधी लवकर झोपायचं असतं.

बाईकवर तर फक्त मला स्वतःलाच लागेल ना?

समोरून येणाऱ्याने तुम्हाला चुकवायला गाडी कुठे घालायची? आणि दारूने बॅलन्सही जातो, दोन चाकांवर हे सांगायला लागू नये.

बडीशेप, मिंट, माउथवॉश, मशीनला फसवता येतं का?

वास झाकतो, आकडा नाही. मशीन तोंडाचा वास घेत नाही, फुप्फुसातून खोल येणाऱ्या हवेतलं अल्कोहोल मोजतं आणि ते रक्तातून आलेलं असतं. उलट अल्कोहोलवाल्या माउथवॉशने चूळ भरून लगेच फुंकलं तर आकडा काही मिनिटं वरच जातो.

एकदा पकडला गेलेला परत करतो का?

बरेच करतात, खासकरून ज्यांना व्यसन आहे. त्यांच्या बाबतीत लाज, दंड, लायसन्स जाणं ह्याचा उपयोग कमी, कारण प्रश्न गाडीचा नसून दारूचा आहे आणि उपचार त्याचे लागतात. गाडीत लॉक बसवतात, फुंकल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, ते असेपर्यंत परत पकडलं जाण्याचं प्रमाण दोन तृतीयांशाने खाली येतं. काढलं की बऱ्यापैकी पहिले पाढे पंचावन्न.

मित्राला थांबवता येतं हो, पण समोर काका असतील, सासरे असतील, बॉस असेल तर?

हा प्रश्न मला सगळ्यात उशिरा विचारला गेला आणि मी स्वतः ह्यात एकदा नापास झालोय. वयाने मोठे, घरातले, ‘मी तुझ्या जन्माच्या आधीपासून गाडी चालवतोय’ म्हणाले, आणि मी गप्प बसलो. पोचले ते, पण दारापर्यंत आल्याचा त्यांचा फोन येईपर्यंतची चाळीस मिनिटं मी अंगणात फेऱ्या मारत होतो.

तेव्हापासून जे जमतं ते सांगतो. ‘तुम्ही प्यायलाय’ हे वाक्य काढायचंच नाही, ते उच्चारलं की विषय गाडीचा राहत नाही, इज्जतीचा होतो. चारचौघांत बोलायचं नाही. ‘काका, मला त्याच बाजूला जायचंय, मी चालवतो, तुम्ही बसा आरामात’, किंवा ‘आज इथेच थांबा की, सकाळी चहा घेऊन निघा’. बॉसला ‘सर, तुमची गाडी एकदा चालवून बघायची होती’ हे एकदा चाललंय. आणि हे सगळं निघायच्या वेळी करायचं नाही, जेवण सुरू असतानाच करायचं, किल्ली टेबलावर असते तेव्हा. खिशात गेलेली किल्ली परत मिळवणं फार अवघड जातं.

नाहीच ऐकलं तर गाडी लपवा, हवा काढा, घरातल्या सगळ्यात लाडक्या नातवाला पुढे करा. दोन दिवस बोलणार नाहीत तुमच्याशी. माझ्याशी एक जण तीन आठवडे बोलले नव्हते.